घसारा धरला का?

अर्थशास्त्रज्ञ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बजेटच्या दिवशी टीव्हीवर बसलेली मंडळी येतात. विकासदर साडेसहा टक्के राहील की सात, यावर तासभर हमरीतुमरी. आज लिहितोय ते मात्र एका वेगळ्या अर्थशास्त्रज्ञाबद्दल. वाढलं किती ते सांगितलंत, पण उरलं किती, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर लावून धरला.

सर पार्थ दासगुप्ता. केंब्रिजचे प्राध्यापक. पूर्ण नाव पार्थसारथी. नोबेलच्या यादीत नाव नाही, त्यामुळे अमर्त्य सेन किंवा अभिजित बॅनर्जी यांच्यासारखं ते आपल्याकडे घरोघर पोचलेलं नाही. पण गरिबी आणि निसर्ग या दोन गोष्टी एकाच वहीत मांडायला हव्यात, हे ज्यांनी अर्थशास्त्राला शिकवलं त्यांत त्यांचं नाव फार वरचं आहे.

मी काही अर्थशास्त्राचा माणूस नाही. बी.कॉम. झालो आणि तेहेतीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले. पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था, छोटे कारखानदार. त्यामुळे दासगुप्तांचं लिखाण वाचताना समीकरणं आली की मी सरळ पान उलटतो. पण मधला मजकूर वाचताना सारखं वाटत राहतं, की अरे, हा तर आपल्याच धंद्यातला माणूस!

कसं ते सांगतो. समजा एकाची रिक्षा आहे. दिवसाला पेट्रोल वगैरे जाऊन हजार रुपये सुटतात. तो म्हणतो, माझी कमाई हजार. आता रिक्षा काही जन्मभर चालणार नाही. दहा वर्षांनी ती भंगारात जाईल. म्हणजे रोजच्या हजारातले थोडे रुपये ही त्याची कमाई नाहीच, ती रिक्षाच थोडीथोडी विकून आलेली रक्कम आहे. यालाच आम्ही घसारा म्हणतो. घसारा न धरता नफा दाखवला तर कुठलाही ऑडिटर ते पत्रक परत पाठवेल. नव्या मुलांना आम्ही पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचो : नफा बघण्याआधी विचार, घसारा धरला का?

आता देशाचा हिशेब बघा. ज्याच्या नावाने एवढा जप चालतो तो जीडीपी, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन. यातला 'सकल' हा शब्द आपण भराभर वाचून पुढे जातो. सकल म्हणजे घसारा वजा न केलेलं! यंत्रांचा आणि इमारतींचा घसारा काढून 'निव्वळ' आकडा देशोदेशीचे सांख्यिकी विभाग काढतात तरी. पण माती, जंगल, भूजल, मासे यांचा घसारा त्या निव्वळ आकड्यातही नसायचा. जंगल तोडून लाकूड विकलं की उत्पादन वाढलं. डोंगराची माती वाहून नदीत गेली, याची नोंद कुठेच नाही. पुढे तोच गाळ काढायचं कंत्राट निघालं की पुन्हा उत्पादन वाढलं! म्हणजे दोन्हीकडून जमाच जमा. दासगुप्तांनी पन्नास वर्षं बोट ठेवलं ते याच जागी.

हा माणूस घडला कसा तेही बघण्यासारखं आहे. जन्म ढाक्याचा, १७ नोव्हेंबर १९४२. वडील अमियकुमार दासगुप्ता त्या काळातले नावाजलेले अर्थशास्त्रज्ञ, ढाका विद्यापीठात शिकवायचे. अमर्त्य सेन यांच्या घरच्यांशी त्यांचा जुना घरोबा. फाळणीच्या सुमाराला कुटुंब भारतात आलं आणि वडील बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक झाले. पार्थचं लहानपण बरंचसं बनारसमध्ये गेलं. घरात अर्थशास्त्राच्या पुस्तकांचा ढीग, पण मुलाने वाट धरली पदार्थविज्ञानाची. १९६२ साली दिल्ली विद्यापीठातून फिजिक्सची पदवी घेतली, मग केंब्रिजला जाऊन गणित केलं, आणि १९६८ साली डॉक्टरेट मिळवली ती अर्थशास्त्रात. थोडक्यात, लांबचा वळसा घालून मुलगा वडिलांच्याच दुकानात आला. (आमच्या पिढीच्या किती घरांत हे झालंय!)

डॉक्टरेटचे त्यांचे मार्गदर्शक जेम्स मिर्लीस यांना पुढे १९९६ साली नोबेल मिळालं. दासगुप्तांच्या पत्नी कॅरोल या जेम्स मीड यांच्या कन्या, आणि मीड यांनाही १९७७ साली नोबेल मिळालेलं. म्हणजे गुरू नोबेलवाले, सासरे नोबेलवाले. सणासुदीला जेवायला बसल्यावर गप्पा काय होत असतील याची कल्पना करतो मी कधीकधी.

इथे मला आपल्याकडची एक जोडी आठवते. पुण्यात धनंजयराव गाडगीळ होते. गोखले इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक, पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष. त्यांचे चिरंजीव माधव गाडगीळ यांचाही जन्म १९४२ चाच, मे महिन्यातला. दोघांचेही वडील अर्थशास्त्रज्ञ. पुण्याचा मुलगा जीवशास्त्राकडे गेला आणि जंगलं, देवराया, पश्चिम घाट यांचा अभ्यास करत गावकऱ्यांच्या हक्कांपर्यंत पोचला. बनारसचा मुलगा अर्थशास्त्रात राहिला आणि गरिबाच्या मिळकतीचा माग काढत जंगलापर्यंत पोचला. व्होल्वो पर्यावरण पुरस्कार दासगुप्तांना २००२ साली आणि गाडगीळांना २००३ साली. टायलर पुरस्कार गाडगीळांना २०१५ साली आणि दासगुप्तांना २०१६ साली. एक जण डोंगराच्या या बाजूने चढला, दुसरा त्या बाजूने, असं वाटतं. गाडगीळांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय, दासगुप्तांवर फारसं नाही. म्हणून हा खटाटोप.

असो. तर डॉक्टरेटनंतर दासगुप्ता लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवू लागले. १९७३ साली तेलाचं संकट आलं आणि सगळ्या जगाला एकदम आठवण झाली, की अरे, जमिनीखालच्या वस्तू संपणाऱ्या असतात! दासगुप्ता आणि जेफ्री हील यांनी याच विषयावर काम केलं आणि १९७९ साली त्यांचा जाडजूड ग्रंथ आला. संपणारी गोष्ट आपण किती वापरावी आणि पुढच्यांसाठी किती ठेवावी, हा त्याचा गाभा.

या प्रश्नामागे आणखी एका माणसाची सावली आहे. फ्रँक रॅम्सी. केंब्रिजचा अचाट बुद्धीचा गणिती. १९३० साली अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेला. त्याआधी १९२८ साली त्याने एक निबंध लिहिला होता : एका देशाने किती बचत करावी? त्यात त्याचं म्हणणं असं, की पुढच्या पिढीचं सुख केवळ ते उशिरा येणार म्हणून कमी लेखणं नीतीला धरून नाही. दासगुप्ता पुढे केंब्रिजला ज्या पदावर होते ते रॅम्सीच्याच नावाचं.

हा मुद्दा बँकेतल्या माणसाला चटकन कळेल. आम्ही भविष्यातल्या रकमेची आजची किंमत काढतो. दहा टक्के दर धरला, तर पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत येते ८५ पैसे. धंद्यात हे बरोबरच आहे. पण हाच कोष्टक लावला तर नातवासाठी फणस लावणारा आजोबा वेडाच ठरेल. दर कुठला धरायचा हे वरवर गणित दिसतं, पण आत 'नातू आपला कोण लागतो' हा प्रश्न बसलेला असतो. दासगुप्तांनी तो प्रश्न समीकरणातून बाहेर काढून टेबलावर ठेवला.

पण माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम त्यानंतरचं आहे. तेल, कोळसा या बड्या देशांच्या चिंता. दासगुप्ता १९८० नंतर वळले ते गावच्या तळ्याकडे, गायरानाकडे, सरपणाकडे. तेव्हा अशी समजूत होती, की पर्यावरण हे श्रीमंतांचं लाड आहे. आधी गरिबी हटवू, पैसा येऊ दे, मग झाडं बघू. विकासाच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत निसर्गाला जवळजवळ जागाच नव्हती. दासगुप्ता म्हणाले, उलट आहे. श्रीमंताचं आटलेल्या विहिरीवाचून अडत नाही, तो टँकर मागवतो. गरिबाची विहीर आटली म्हणजे त्याचं भांडवलच बुडालं. निसर्ग ही त्याची एकुलती एक ठेव असते, आणि तीही सामायिक खात्यातली.

याला आपल्याकडचाच भक्कम पुरावा होता. नरपतसिंह जोधा या अभ्यासकाने सात राज्यांतल्या कोरडवाहू भागातली ऐंशीहून जास्त गावं पाहिली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती. १९८६ साली त्याने मांडलं, की तिथल्या गरीब घरांच्या मिळकतीतला १४ ते २३ टक्के वाटा गायरान, पडीक, ओढे, गावची जंगलं अशा सामायिक जागांतून येतो. चारा, सरपण, मध, डिंक, पाला. हे कुठल्या सातबाऱ्यावर नसतं आणि कुठल्या पावतीवरही नसतं. अशी जागा कोणाच्या घशात गेली की कागदावर गावाचं उत्पन्न वाढतं आणि गरिबाची चूल विझते.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, ती वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो होतो. गरीब घरात मुलं जास्त का? आपण शहरात बसून पटकन म्हणतो, अडाणीपणा. दासगुप्ता म्हणतात, त्या घरातली कामं मोजा. पाणी आणायचं, सरपण गोळा करायचं, गुरं राखायची, धाकट्याला सांभाळायचं. जंगल जवळ होतं तेव्हा तासाभरात मोळी यायची. जंगल लांब गेलं, आता चार तास लागतात. मग आणखी दोन हात हवेत. आणखी हात म्हणजे आणखी मुलं, आणखी मुलं म्हणजे आणखी सरपण, आणि जंगल आणखी लांब. या चक्रात सगळ्यांत जास्त भरडली जाते ती घरातली बाई, कारण मूल तिला होतं आणि हंडाही तिच्याच डोक्यावर असतो. म्हणून मुलींचं शिक्षण, बाईच्या हातात पैसा, घराजवळ पाणी आणि सरपणाला पर्याय या गोष्टी त्यांच्या हिशेबात वेगवेगळ्या योजना नाहीत. एकच गाठ आहे आणि ती सगळीकडून सोडवावी लागते.

देबराज राय यांच्यासोबत १९८६ च्या सुमाराला त्यांनी भुकेवर लिहिलं तेही असंच. ज्याच्याकडे तुकडाभर जमीनही नाही त्याला पोटभर मिळत नाही, पोटभर नाही म्हणून अंगात ताकद नाही, ताकद नाही म्हणून काम मिळत नाही, काम नाही म्हणून पोटभर नाही. त्याच्या शेजारी दोन गुंठ्यांचा मालक असेल तर तो घरचं थोडं खाऊन कामावर येतो आणि तेच काम त्याला मिळतं. जो सगळ्यांत उपाशी, त्यालाच बाजार मागे सारतो. हे सगळं आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं, पण त्यांनी ते अर्थशास्त्राच्या कडक भाषेत सिद्ध केलं, म्हणजे मग कोणाला 'भावनेच्या भरात बोलता' असं म्हणायची सोय उरली नाही. १९९३ साली त्यांचा खुशाली आणि दैन्य यांवरचा मोठा ग्रंथ आला, त्यात हे सगळे धागे एकत्र आहेत.

नुसतं लिहून ते थांबले नाहीत. स्टॉकहोमच्या बायर संस्थेत त्यांचे स्वीडिश मित्र कार्ल-योरान मेलर यांच्याबरोबर त्यांनी अर्थशास्त्रज्ञ आणि परिस्थितिकीचे अभ्यासक यांना एका टेबलाशी बसवलं. १९९९ साली काठमांडूला दक्षिण आशियासाठी 'सँडी' नावाचं जाळं उभं राहिलं, त्यामागेही या दोघांचा हात होता. नेपाळ, बांगलादेश, भारत, श्रीलंका, पाकिस्तान इथल्या तरुण प्राध्यापकांना शिकवायचं, त्यांच्याकडून त्यांच्याच गावांचे अभ्यास करून घ्यायचे. केंब्रिजच्या माणसाने यासाठी वेळ काढला याचं मला अप्रूप वाटतं.

मग आला ताळेबंदाचा भाग, माझ्या आवडीचा. जीडीपी म्हणजे वर्षभराची जमा. पण घराची स्थिती कळायची तर जमेबरोबर मालमत्तेचं पानही बघावं लागतं. दासगुप्ता आणि मेलर यांनी दाखवलं, की देशाची खरी संपत्ती तीन खात्यांत असते : बांधलेली (रस्ते, इमारती, यंत्रं), माणसांची (आरोग्य, शिक्षण, कौशल्य) आणि निसर्गाची. या तिन्हींची मिळून दरडोई बेरीज घटत असेल, तर जीडीपी कितीही उड्या मारू दे, आपण दागिने विकून दिवाळी करतोय. २०११ साली भारत सरकारने देशाचे 'हरित हिशेब' कसे मांडावेत हे ठरवायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष दासगुप्ताच होते. २०१३ साली तिचा अहवाल आला. पुढे २०१८ पासून आपलं सांख्यिकी मंत्रालय पर्यावरणाची खाती वेगळी छापू लागलं. हे अजून मुख्य वहीत आलेलं नाही, पण निदान चोपडी घातली गेली.

आणि मग २ फेब्रुवारी २०२१ चा तो अहवाल, 'जैवविविधतेचं अर्थशास्त्र'. सहाशे पानं. तो लिहून घेतला ब्रिटनच्या अर्थखात्याने, पर्यावरण खात्याने नव्हे. म्हणजे तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे, त्यानेच विचारलं. त्यातले आकडे मी माझ्या डायरीत लिहून ठेवलेत. १९९२ ते २०१४ या काळात जगात दरडोई बांधलेलं भांडवल दुप्पट झालं, माणसांचं भांडवल १३ टक्क्यांनी वाढलं आणि निसर्गाचं जवळजवळ ४० टक्क्यांनी घटलं. आजच्यासारखं जगायला १.६ पृथ्व्या लागतील. आणि निसर्गाची नासाडी करणाऱ्या गोष्टींना जगभरची सरकारं वर्षाला ४ ते ६ लाख कोटी डॉलर इतकी सवलत देतात. म्हणजे घसारा धरायचा राहिला बाजूला, घसरण्यासाठी वर अनुदान!

आता मी हे सगळं आत्ताच का उकरून काढतोय, ते आमच्या घरच्यांना कळलं असेलच. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यात आमच्या गावी सामायिक डोंगर आहे. सातबाऱ्यावर पाच नावं. वर ऐन, किंजळ, काही रायवळ आंबे, दोन-तीन जुने फणस. गेल्या मे महिन्यात लाकडाचा एक व्यापारी आला. रीतसर परवानगी काढतो म्हणाला आणि सगळ्याचे मिळून साडेसहा लाख देतो म्हणाला. म्हणजे प्रत्येकी एक लाख तीस हजार. धाकट्या काकांच्या घरी यंदा दवाखान्याचा खर्च मोठा झालाय, त्यांना पैसे हवे आहेत आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. सगळ्यांनी एकमताने मला सांगितलं, तू हिशेबाचा माणूस, तू मांडून दे.

साडेसहा लाख हा आकडा मांडायला मला अर्धा मिनिट लागला. दुसरी बाजू मांडायला बसलो आणि तिथे दासगुप्ता आठवले. त्या डोंगराखालचा पऱ्या जानेवारीपर्यंत वाहतो. त्याच्या कडेला खालच्या वाडीची विहीर आहे. खालच्या वाडीतलं एकही नाव आमच्या सातबाऱ्यावर नाही, आणि व्यापाऱ्याच्या कागदावरही नाही. डोंगर बोडका झाल्यावर पहिल्या पावसात माती खाली येणार ती पऱ्यात, तिथून नदीत. चिपळूणला २२ जुलै २०२१ चा पूर आल्यावर वाशिष्ठीतला गाळ काढायचं काम किती दिवस चाललं ते आपण पाहिलंय. तो पूर मुख्यतः अफाट पावसाचा, हे खरं. पण नदीत गाळ असेल तर तेवढंच पाणी जास्त वर चढतं, हेही खरं. त्या गाळात कोणाकोणाच्या डोंगराची माती होती याची वाटणी कोणी करू शकत नाही.

इथेच लोक म्हणतात, मग निसर्गाची किंमत करता कशाला? दासगुप्तांवरही ही टीका झाली, की जंगलाला आकडा लावला म्हणजे ते बाजारात उभं केलंत. टीका अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखी नाही. पण त्यांचं म्हणणं नीट वाचलं तर ते वेगळं आहे. काही गोष्टींची किंमत करता येत नाही, करूही नये, त्या पवित्र असतात, हे त्यांनीच लिहिलंय. त्यांचा मुद्दा एवढाच, की ज्याचा आकडा लिहिला नाही त्याचा आकडा बाजार शून्य धरतो. आम्ही ऑडिटमध्ये मालमत्तेचं मूल्य ठरवता येत नसेल तर निदान टीप लिहितो. रकाना कोरा ठेवणं आणि शून्य लिहिणं यात फार फरक आहे.

अहवालाच्या शेवटाकडे त्यांनी एक गोष्ट सांगितली आहे, सहाशे पानांतली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली ती हीच. निसर्गाची बरीचशी कामं मूक असतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि एका जागी थांबत नाहीत. पाणी वाहतं, वारा फिरतो, मातीतला जीव बोलत नाही. त्यामुळे कोणी काय बिघडवलं याचा माग प्रत्येक वेळी लावता येणार नाही. कायदा, कर, दंड हे सगळं हवंच, पण ते सगळीकडे पोचणार नाही. शेवटी ज्याचं त्यानेच आपल्या वागण्याचं न्यायाधीश व्हायचं. त्यासाठी पोरांना लहानपणापासून झाडं, माती, पाखरं यांची ओळख करून द्यायची. जन्मभर समीकरणं मांडलेला माणूस सहाशे पानांनंतर येऊन थांबतो तो शाळेतल्या मुलाजवळ! आम्हा ऑडिटरांना हे कबूल करायला जड जातं, पण खरं आहे. ज्याला लपवायचंच आहे त्याला कुठलाही ऑडिटर पकडू शकत नाही.

दासगुप्तांना २००२ साली 'सर' ही पदवी मिळाली, २०२३ साली ब्रिटनचा आणखी वरचा मान मिळाला. मधे २०२२ साली संयुक्त राष्ट्रांनी गौरव केला. ऐंशी ओलांडल्यावरही त्यांनी २०२५ साली सामान्य वाचकांसाठी नैसर्गिक भांडवलावर एक पुस्तक काढलं. सहाशे पानं वाचवत नसतील त्यांनी ते जरूर वाचावं. त्याआधीचं २००७ सालचं अर्थशास्त्राची ओळख करून देणारं त्यांचं छोटं पुस्तकही झकास आहे. त्याची सुरुवात दोन मुलींपासून होते, एक अमेरिकेतली बेकी आणि एक इथिओपियाच्या खेड्यातली देस्ता. दोघी साधारण एका वयाच्या, दोघी सारख्याच हुशार असू शकतील, मग दोघींची आयुष्यं इतकी वेगळी का, एवढा एकच प्रश्न धरून सगळं अर्थशास्त्र समजावलंय. अशी सुरुवात आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकात असती तर मी मागच्या बाकावर झोपलो नसतो.

घरच्यांसाठी : हिशेब तयार आहे. डाव्या बाजूला साडेसहा लाख लिहिले आहेत, एका रुपयाचीही काटछाट नाही. उजव्या बाजूला लाकूड, फणस, आंबे यांचे आकडे आहेत, आणि खाली पऱ्या, विहीर आणि माती यांच्यापुढे आकड्याऐवजी चार-चार ओळी लिहिल्या आहेत. त्या वाचल्याशिवाय बेरीज करू नका एवढीच विनंती. काकांच्या दवाखान्याचा खर्च ही वेगळी बाब म्हणून वेगळ्या पानावर घेतली आहे. त्यात माझा वाटा मी आधीच लिहून ठेवलाय, बाकीच्यांनी आपापला भरावा. डोंगर विकायचाच ठरला तर मी सही अडवणार नाही. पण दिवाळीत सगळे गावी जमू तेव्हा बैठकीआधी एकदा पोरांना घेऊन वर चढू या. काय विकतोय ते निदान त्यांनी पाहिलेलं असू दे.